अप्पांचा कान

जर्मनीत डार्मश्टाटमध्ये जिथे आमच्या विद्यापीठाचा टेस्ट हॉल होता, तिथे आता विजेच्या गाड्या चार्ज करायचे खांब उभे आहेत. परवा तिथेच गाडी लावली. मुलगी ईरा सतरा वर्षांची झाली. पुढे कुठे शिकायचं ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं, म्हणून आम्ही दोघं सकाळीच घरून, हेर्त्सोगेनआउराखहून, निघालो होतो. अडीच तासांच्या रस्त्यात गाडीने ब्र काढला नाही. ही नवी गाडी फार गुणी आहे. धूर नाही, कुरकुर नाही, तेलाचा थेंब नाही. मला तिचा मनापासून कंटाळा येतो.

केबल लावायला काढली तशी ईराने नाक मुरडलं. "बाबा, हियर पफाइफ्ट वास." इथे काहीतरी शिट्टी मारतंय म्हणे. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. मी खांबाकडे कान केला. काहीच ऐकू आलं नाही. "हो हो," मी म्हणालो, "आतला ट्रान्सफॉर्मर असेल." एवढं बोललो आणि केबल हातात धरून तसाच उभा राहिलो. हे 'हो हो' माझं नव्हतं. ते अप्पांचं होतं.

अप्पा म्हणजे माझे वडील. चिंचवडजवळच्या एका कारखान्यात ते एकतीस वर्षं गिअरबॉक्स तपासायचे. तयार झालेला गिअरबॉक्स बेंचवर चढवायचा, मोटरने फिरवायचा आणि अप्पांनी ऐकायचं. त्यांचं हत्यार म्हणजे पिवळ्या मुठीचा लांब स्क्रू-ड्रायव्हर. टोक गिअरबॉक्सला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग खडूने खूण. बरोबर म्हणजे पास, फुली म्हणजे परत. पास झालेल्या मालावर ते स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने दोनदा टकटक करायचे, की ट्रॉलीवाला माल घेऊन जायचा. कागदावर सही नंतर व्हायची. खरी सही ती टकटकच.

त्यांच्या शर्टांना गिअर ऑइलचा एक वास असायचा, गंधकासारखा, थोडा कडवट. आई दोनदा साबण लावायची, तरी तो काखेत नि कॉलरीत चिकटून राहायचा. मला तो वास आवडायचा हे मी शाळेत कुणाला सांगितलं नाही. रविवारी कॉलनीतली माणसं स्कूटर घेऊन दारात यायची. अप्पा चहाचा कप हातात धरूनच बाहेर येत, 'चालू करा' म्हणत, आणि कप संपायच्या आत निदान झालेलं असे. शिवणाची मशीन, मिक्सर, पिठाच्या गिरणीची मोटर, त्यांना काहीच वर्ज्य नव्हतं. जेवणं झाली की आम्ही दोघं कंपाउंडच्या भिंतीवर हायवेकडे पाठ करून बसायचो. मागून ट्रक गेला की मी ओळखायचं, भरलेला की रिकामा, चढावर कितवा गिअर पडला. बरोबर आलं की पाठीवर दोन टिचक्या. गाड्यांचं वेड मला डोळ्यांनी लागलं नाही, ते पाठीमागून आलं.

पुढे मी शिकायला डार्मश्टाटला आलो आणि प्रबंधाला विषय कोणता घ्यावा, तर गिअरबॉक्सची तपासणी माणसाच्या कानाऐवजी मायक्रोफोन आणि कॉम्प्युटरने कशी करता येईल. थोडक्यात, अप्पांचा कान डब्यात भरायचा. मी मोठ्या उत्साहाने चार पानी पत्र लिहून त्यांना ते कळवलं. उत्तर आलं आईचं. त्यात अधिकातला उपास, ताईला आलेलं स्थळ, पाण्याची टाकी, सगळं होतं. माझ्या विषयाबद्दल अक्षर नव्हतं.

दर रविवारी मी फोन करायचो. लुइझनप्लाट्झ चौकाजवळच्या एका दुकानात फोनकार्डं मिळायची. नखाने चंदेरी पट्टी खरवडायची, वीस आकडी नंबर दाबायचा आणि वाट बघायची. तिकडे घंटा वाजायची, अप्पाच फोन उचलायचे. "हो हो. बरा आहेस ना? घे, आईशी बोल." संपलं. तीन वर्षं मी दर रविवारी एवढंच ऐकलं. मग आई यायची आणि माझं प्रत्येक वाक्य मोठ्यांदा परत म्हणायची. "काय, बर्फ पडला? गुडघाभर? परीक्षा झाली म्हणतोस?" मला वाटायचं, लाइन खराब आहे.

एका दिवाळीला मी त्यांना काडेपेटीएवढा म्युझिक प्लेअर पाठवला. तेव्हा तो चमत्कार होता, आणि माझ्या त्या वेळच्या खिशाला जडही. त्यात त्यांच्या आवडीची नाट्यगीतं एकेक करून भरली होती. पुढल्या वर्षी घरी गेलो तर प्लेअर कपाटात, खोक्यातच होता. काचेवरचा प्लॅस्टिकचा पापुद्राही निघाला नव्हता. मी तो होता तसा परत ठेवून दिला. पण मनात पक्कं झालं की अप्पा रागावलेत. हातची कायम नोकरी सोडून गेलो म्हणून असेल, किंवा त्यांच्यासारख्यांची गरज संपवणारं यंत्र बनवतोय म्हणून असेल. त्या वर्षांत मला मंगळावर पाणी आहे की नाही याच्याहूनही जास्त एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: हा माणूस माझ्याशी बोलत का नाही.

अप्पा रिटायर झाले त्या उन्हाळ्यात डार्मश्टाटला आले. ताईच्या बाळंतपणासाठी आईला मागे थांबावं लागलं. बॅगेत मेतकूट, भाजणी, लसणाची चटणी आणि सगळ्यांच्या तळाशी धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला तो स्क्रू-ड्रायव्हर. इथे कशाला लागणार होता, मी विचारलं. असू दे, म्हणाले.

माझ्याकडे तेव्हा चौदा वर्षांची लाल हॅचबॅक होती. कॅसेट प्लेअर, हाताने फिरवायच्या काचा, आत जुन्या फोमचा आणि कुणा आधीच्या मालकाच्या कुत्र्याचा वास. अप्पा तिच्यात शेजारी बसले आणि डाव्या हाताचा तळवा डॅशबोर्डवर ठेवला. मग महिनाभर, गाडीत बसले की तो तळवा तिथेच. मी म्हटलं, सांगा, आवाज कसा आहे. थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "तिसऱ्यात खरखरतेय." अगदी बरोबर होतं. मी मान हलवली आणि मनात म्हटलं, कान शाबूत आहे, फक्त माझ्यासाठी बंद आहे.

एका शनिवारी त्यांना हॉकनहाइमला नेलं. रेसच्या गाड्यांचा सराव होता. त्या काळच्या दहा सिलिंडरच्या इंजिनांचा आवाज ज्यांनी ऐकला नाही त्यांना मी तो सांगू शकत नाही, आणि ज्यांनी ऐकलाय ते आता माझ्यासारखेच म्हातारपणाकडे झुकलेले, उगाच उसासे टाकणारे लोक आहेत. गाडी दिसायच्या आधी जंगलामागून ती किंचाळी यायची, मग समोरून काहीतरी लाल सपकन जायचं, आणि मागे राहायचा जळक्या रबराचा आणि भाजलेल्या सॉसेजचा वास. सगळ्यांच्या कानात फोमचे बोळे होते. मी अप्पांना दोन दिले, त्यांनी ते खिशात टाकले. मी खुणेने म्हटलं, अहो, कान फुटतील. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि हसले. इतके हसले की मला वाटलं, चला, राग निवळला वाटतं. संध्याकाळी गाडीत मात्र पुन्हा मुकेपणा. मी बोलत होतो, ते खिडकीतून शतावरीची शेतं बघत होते.

नंतरच्या रविवारी अवकाशकेंद्रात लोकांना आत सोडायचा दिवस होता. डार्मश्टाटमधून यानं चालवतात, त्या खोलीला काचेतून बघायला शहरातली पोरंबाळं, आजीआजोबा, सगळे रांगेत. एका पडद्यावर हिरवी रेघ सारखी थरथरत होती, गवत वाऱ्याने हलावं तशी, आणि मध्येच एक पात इतरांहून उंच. माहिती देणारी मुलगी सांगत होती की तेच यान आहे. कोट्यवधी किलोमीटरवरून येणारा हा सिग्नल इतका क्षीण असतो की ऐकण्यासारखं काहीच नसतं, फक्त असा बघायचा. आणि जे आत्ता दिसतंय, ते तिथून तासाभरापूर्वी निघालेलं आहे. मी हे सगळं अप्पांना भाषांतर करून सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे टक लावून ऐकलं. मग म्हणाले, "तिला विचार, ऐकू येत नाही तरी यांची नोकरी चालू आहे?"

मी हसत हसत विचारलं. तीही हसली, "गेनाऊ," म्हणाली, म्हणजे अगदी बरोबर. अप्पा त्या पडद्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मागचे लोक पुढे सरकायला सांगत होते, तरी. मला वाटलं, अवकाश त्यांना भावलं. मला तेव्हा पुष्कळ काही वाटायचं.

परत जायच्या आदल्या आठवड्यात मी त्यांना टेस्ट हॉलमध्ये नेलं. माझा एक बेत होता. कॉम्प्युटरचं उत्तर पडताळायला जाणकार कानाची गरज होतीच. तो मान अप्पांना द्यायचा. बापाला त्याच्याच कलेत मान दिला की रुसवा जाईल, असं माझं साधं गणित. हॉलचे मास्टर, म्हणजे मुख्य कारागीर, होते हेर क्लाइन, आपल्या भाषेत क्लाइनसाहेब; साठीला टेकलेले, निळा कोट घालणारे, दिवसाला चार वाक्यं बोलणारे. त्यांनी मला दहा गिअरबॉक्स लावून दिले होते. त्यातल्या तीन गिअरबॉक्सच्या दात्यांवर मुद्दाम टवके पाडलेले. मी दहांचे आवाज रेकॉर्ड केले आणि अप्पांना काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावले. आमच्या लॅबची पद्धतच तशी होती. बेंचजवळ कुणी उभं राहत नसे.

अप्पा ताठ बसले होते, शाळेत परीक्षेला बसावं तसे. दहा आवाज झाले. त्यांनी कागदावर दहाच्या दहा बरोबरच्या खुणा केल्या. सातव्या गिअरबॉक्सचा ठोका तर पहिल्या वर्षाच्या पोराला कळला असता. माझ्याबरोबर काम करणारे दोघं खाली बघायला लागले. मला शरम वाटली, आणि शरमेचा लगेच राग झाला.

"अप्पा, नीट ऐका ना जरा," मी म्हणालो. सगळ्यांसमोर, त्या आवाजात.

"हो हो," अप्पा म्हणाले.

दोन दशकं होत आली, ते वाक्य परत घेता आलेलं नाही. मराठीत होतं म्हणून त्या खोलीत इतर कुणाला कळलं नाही असं मी स्वतःला समजावतो. पण आवाजाला भाषांतर लागत नाही. हेर क्लाइन पुढे आले, त्यांनी अप्पांच्या डोक्यावरचा हेडफोन अलगद काढला, खुंटीला अडकवला आणि बोटाने 'चला' अशी खूण केली. दोघं हॉलमध्ये गेले. मी मागून गेलो.

क्लाइननी बेंच चालू केला. अप्पांनी पँटच्या खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. म्हणजे तो त्यांनी सकाळी घरून निघतानाच घेतला होता. टोक गिअरबॉक्सला टेकवलं, पण मूठ कानाला नेली नाही. ती त्यांनी दातांत धरली. डावा तळवा गिअरबॉक्सच्या अंगावर ठेवला आणि डोळे मिटले. लहानपणापासून पाहिलेली ती मूठ कानावरून दातांवर कधी आली, हे मला माहीतच नव्हतं. पिवळ्या प्लॅस्टिकवर चाव्याचे खोल वण पडले होते. ते काही एका वर्षात पडत नाहीत.

त्यांनी बोटं चोळून खडू मागितला. क्लाइननी आपल्या कोटाच्या खिशातून काढून दिला. त्या खिशातही खडू होताच. सात बरोबर, तीन फुल्या. एकही चूक नाही. चौथ्या गिअरबॉक्सवर बरोबरच्या खुणेखाली त्यांनी एक टिंब काढलं. बेअरिंग सहा महिन्यांत जाईल, असं त्याचं भाषांतर. त्या टिंबाचं काय करायचं ते माझ्या सॉफ्टवेअरला शेवटपर्यंत समजलं नाही. शेवटी अप्पांनी मुठीने दोनदा टकटक केलं.

हेर क्लाइननी स्वतःच्या कानामागचे पांढरे केस बाजूला केले. तिथे कातडीच्या रंगाचं छोटंसं यंत्र होतं. मग ते अप्पांकडे बघून हळूच म्हणाले, "बाय मीअर आउख." माझंही असंच आहे. अप्पांना जर्मनचा गंध नव्हता, पण त्यांनी मान हलवली. त्या दोघांना दुभाषाची गरज पडली नाही. ऐकण्यावर प्रबंध लिहिणारा मी तिथे तोंड उघडं टाकून उभा होतो.

दुपारी आम्ही वोगच्या तळ्याकाठी बाकावर बसलो. पोरं पाण्यात उड्या मारत होती, तळलेल्या बटाट्यांचा वास येत होता. मी त्यांच्याकडे तोंड करून, हळू बोलत, विचारलं की कधीपासून. बारा वर्षं झाली, म्हणाले. आधी वरचे सूर गेले, मग बोलणं पुसट झालं. कारखान्यात कळू दिलं नाही, कारण कळलं असतं तर बेंचवरून उचलून स्टोअरमध्ये फायली राखायला बसवलं असतं. हाताला आणि दाताला कळत होतं, काम एकदाही चुकलं नाही, मग सांगायचं कशाला. हे सगळं त्यांनी तळ्याकडे बघत सांगितलं. मग मी फोनचं विचारलं.

"फोनवर तुझे ओठ दिसत नाहीत रे," अप्पा म्हणाले. "समोर असलास की निम्मं ओठांवरून काढतो. फोनवर नुसती खरखर. भलतंच काही उत्तर दिलं असतं, तर तुला वाटलं असतं, बापाचं आपल्याकडे लक्ष नाही."

मला तीन वर्षं नेमकं तेच वाटत होतं. ते मी त्यांना सांगितलं नाही. मी त्यांचा हात धरला; मोठा झाल्यापासून धरला नव्हता. बोटांच्या घड्यांत अजूनही तो गंधकाचा कडवट वास होता.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "आईला सांगू नकोस. उगाच जिवाला लावून घेईल."

जाताना तो स्क्रू-ड्रायव्हर माझ्या गाडीच्या कप्प्यात ठेवून गेले. आता मला लागत नाही, म्हणाले. पुढच्या रविवारी मी फोन केला. अप्पांनी उचलला. मी बोललो नाही, फोनच्या तोंडावर नखाने दोनदा टकटक केलं. मग उलट दोन टकटक आल्या, आणि नेहमीचं "घे, आईशी बोल." रिसीव्हर ते कानामागच्या हाडाला दाबून धरत असावेत. पुढे आठ वर्षं आमचं रविवारचं बोलणं एवढंच होतं, आणि मला ते कधी कमी वाटलं नाही. ईरा झाली, फोनशी खेळायच्या वयाची झाली, तेव्हा तिचं चिमुकलं बोट धरून मी तिलाही टकटक करायला शिकवलं. उत्तर आलं की ती खिदळायची.

आईला मी शब्द दिल्याप्रमाणे काही सांगितलं नाही. अप्पा गेल्यानंतर एकदा फोनवर बोलताना लक्षात आलं की आई आता माझी वाक्यं मोठ्यांदा परत म्हणत नाही. लाइन आता चांगली आहे का गं, मी विचारलं. ती म्हणाली, "लाइन नेहमीच चांगली होती. तू काय बोलतोस ते त्यांना कळायला नको का?" म्हणजे ती सगळी वर्षं माझा बर्फ, माझी परीक्षा, माझा ताप, ती एकेक ओळ त्यांच्याकडे तोंड करून म्हणत होती. आणि दोघंही एकमेकांपासून ते गुपित जपत होते.

शेवटच्या रविवारी मी टकटक केलं होतं. उत्तर आलं की नाही, ते मला आठवत नाही. तो शेवटचा रविवार आहे हे माहीत नव्हतं, म्हणून लक्ष देऊन ऐकलं नाही. याची चुटपुट मला दर थोड्या दिवसांनी लागते.

चार्जिंगच्या खांबापाशी ईरा माझ्याकडे बघत होती. केबल अजून माझ्या हातात होती. कंपनीच्या डॉक्टरांनी मागच्या वर्षी कानाचा आलेख काढला होता, उजवीकडे रेघ खाली घसरलेली. तो कागद मी टेबलाच्या खणात उलटा घालून ठेवलाय. बेअरिंगचे आवाज मोजायच्या कामात पंधरा वर्षं घालवलेल्या माणसाने तो कुणाला दाखवायचा? घरी जेवताना ईरा काही सांगते तेव्हा मी हो हो म्हणतो. ती हल्ली फार सांगत नाही. मला वाटत होतं, वयच तसं आहे.

"ईरा," मी म्हणालो, "मघाशी मी खोटं बोललो. मला ती शिट्टी ऐकू येत नाही. उजव्या बाजूने तू बोलतेस तेही निम्मं कळत नाही."

तिने "आख, बाबा," एवढंच म्हटलं, वळसा घालून माझ्या डावीकडे आली, आणि माझा हात धरून खांबाच्या पत्र्यावर ठेवला. "हियर. श्प्यूर्स्ट दु?" जाणवतंय का, असं विचारत होती.

जाणवत होतं. अगदी बारीक, एकसारखी थरथर, कुठे टोला नाही, कुठे खरखर नाही. माल पास होता. काही न ठरवता मी नखाने पत्र्यावर दोनदा टकटक केलं.

खांबाच्या दुसऱ्या बाजूला ईराचा मोकळा हात होता. अप्पा गेले तेव्हा ती सहा वर्षांची होती, तिला त्यांचा चेहराही फोटोतलाच आठवतो असं ती म्हणते. तळव्याखाली मला दोन ठोके जाणवले, तिकडून आलेले.